सिक्सरपुरता हात

आमच्या घरात एक पंच आहेत आणि त्यांच्याशी माझं लग्न झालेलं आहे. कामाच्या दिवशी ते विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतात, म्हणजे लोकांच्या सांगण्यावर विश्वास न ठेवण्याचा पगार घेतात. रविवारी मात्र पांढरा कोट चढवून क्रिकेटच्या मैदानात मधोमध उभे राहतात. तिथे त्यांच्याकडे कोणी पुरावा मागत नाही. बोट वर गेलं की माणूस बाद. चांगले धिप्पाड फलंदाज तोंडातल्या तोंडात काहीबाही पुटपुटत निमूट तंबूकडे चालू लागतात. घरी दुधाची पिशवी फ्रिजच्या कुठल्या कप्प्यात ठेवायची याबाबतसुद्धा पंचांचा निर्णय अंतिम नसतो, त्यामुळे त्यांना रविवारची किती गरज आहे हे मला कळतं. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. त्याचा घरात उपयोग होत नाही, पण करमणूक होते.

तर या पंचांचा उजवा खांदा धरला. सासूबाईंच्या मते पंख्याखाली झोपल्याने, नणंदेच्या मते मोबाइलमुळे आणि डॉक्टरांच्या मते वयामुळे. पंचांनी तिन्ही दावे फेटाळले, पण हात काही वर जाईना. छातीपर्यंत यायचा आणि मधल्याच मजल्यावर बंद पडलेल्या लिफ्टसारखा तिथे अडकून राहायचा.

बाद द्यायला अडचण नव्हती, डावं बोटही तितकंच जीवघेणं असतं. चौकाराला हात छातीसमोर हलवला की भागतं. घोडं अडलं सिक्सरपाशी. सिक्सरला दोन्ही हात डोक्यावर न्यावे लागतात. एकच हात उंचावला तर त्याचा अर्थ ‘बाय’ होतो, म्हणजे चेंडू बॅटला लागलाच नाही. उपांत्य सामन्यात एका तगड्या पोराने चेंडू कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या मोटारीच्या टपावर नेऊन आदळला. पंचांनी डावा हात उंच केला, उजवा छातीपाशी रुसून बसला आणि स्कोअररने इमानदारीत बाय मांडली. फलंदाज बॅट टाकून धावत आला. त्याच्या मागोमाग मोटारीचा मालक आला आणि “बाय? साहेब, ही बाय आहे?” असं विचारत सगळ्यांना टपावरचा खड्डा दाखवू लागला. त्याच्या साक्षीवर सिक्सर मंजूर झाली.

असोसिएशनचे सेक्रेटरी सामना संपल्यावर पंचांना बाजूला घेऊन म्हणाले, “रविवारी फायनल आहे. टॉसच्या आधी दोन्ही हात डोक्यावर नेऊन दाखवायचे. जमलं तर उभे राहा. नाही जमलं तर आमचा मेहुणा आहेच.”

सेक्रेटरींचा मेहुणा पंचगिरीची परीक्षा पास झाल्यापासून घरातसुद्धा पांढरी टोपी घालून जेवतो असं ऐकिवात आहे.

पंचांना आजवर एकही फायनल मिळाली नव्हती. वयाच्या नियमाने हा त्यांचा शेवटचा हंगाम होता. म्हणजे ही पहिलीच आणि हीच शेवटची. त्यांनी हे मला बोलून दाखवलं नाही. फक्त घरी येऊन कोट इस्त्रीला दिला, तोही स्वतः जाऊन. लग्नानंतर प्रथमच.

शुक्रवारी सकाळी मी त्यांना थेरपिस्ट बाईंकडे घेऊन गेले. बाईंचा चष्मा जाड, बोलणं तुटक आणि कोपर अतिशय टोकदार. पंचांना टेबलावर आडवं घालून त्यांनी खांद्याच्या मागच्या बाजूला कोपर रोवलं आणि मग बराच वेळ त्या काही शोधत असल्यासारखं ते फिरवत राहिल्या. पंचांच्या तोंडून असे काही स्वर निघाले की बाहेर नंबर लावून बसलेले एक गृहस्थ उठून निघून गेले. शेवटी बाईंनी पंचांचा हात मनगटाशी धरला आणि सावकाश, जड खिडकी उघडावी तसा वर नेला. वर, आणखी वर. दंड कानाला टेकला.

“गेला!” पंच म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

“गेला नाही, मी नेला,” बाई म्हणाल्या. “आता नीट ऐका. वहिनी, तुम्हीही ऐका, यांच्या लक्षात राहणार नाही. आज-उद्या हा हात यांचा नाही, माझा आहे. खांद्याच्या वर न्यायचा नाही. काही उचलायचं नाही. गरम पाण्याची पिशवी शेकायला, कोमट पाणी प्यायला, मधूनमधून घोटघोट. झोपताना हाताखाली उशी. टेबलाला टेकून वाकायचं, हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलू द्यायचा, तेवढाच व्यायाम. अंग जड वाटेल, झोप येईल, कदाचित उगाचच रडूही येईल.”

“रडू?” पंचांनी भुवई उंचावली. तेवढं त्यांना वर करता येत होतं.

“येतं काहींना. आलं तर येऊ द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बरं वाटतंय म्हणून बरे झाल्यासारखे वागू नका. रविवारी सकाळी हात तुमचा.”

इतक्या स्पष्ट सूचना मी माझ्या विद्यार्थ्यांनाही देत नाही. पंचांनी मान डोलावली. आम्ही निघालो.

आमच्या इमारतीच्या फाटकाशी सिक्युरिटीवाला उभा होता. “साहेब, झाला का हात?”

“झाला की!” असं म्हणत पंचांनी हात वर केला. थेट डोक्याच्याही वर.

“अहो!” मी म्हणाले.

“अगं, दाखवतोय फक्त. वापरत नाहीये.”

दाखवणं आणि वापरणं यातला हा भेद मी शिकवते त्या कुठल्याही पुस्तकात नाही. पण त्या दिवसापुरता तो आमच्या घराचा कायदा होऊन बसला.

सासूबाई खिडकीशी विणत बसल्या होत्या. त्यांनी सुया खाली ठेवल्या. “दाखव.”

पंचांनी दाखवला.

“उजवा म्हणतेय मी. डावा काय दाखवतोस, तो काय आज आणलास?”

“आई, हा उजवाच आहे.”

“माझ्या समोरून डावा दिसतो. वळ तिकडे. हं. आता दोन्ही. अगंबाई! सूनबाई, बघितलंस का, कानाला लागला! परत कर रे, चष्मा लावते.”

चष्मा सापडेपर्यंत हात वरच होता, कारण खाली आणला तर परत वर न्यावा लागेल असं पंचांचं म्हणणं पडलं. तेवढाच त्यांनी त्या दिवशी खांद्याचा विचार केला.

मग नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. “दादा, हात फ्रेमच्या बाहेर जातोय. कोपराच्या वर काही दिसतच नाही. जरा मागे सरक. अजून. वहिनी, तू लाइट लाव ना. हं, आता कर. थांब थांब, यांना बोलावते. अहो, या इकडे, दादाचा हात वर जातोय! दादा, तसाच ठेव हं.”

नणंदेचे यजमान अंघोळीला गेलेले होते. ते सावकाश अंघोळ करणारे गृहस्थ आहेत.

दुपारी समोरच्या फ्लॅटमधले कर्नल आले. ते कर्नल नाहीत, बँकेतून निवृत्त झालेत. पण पहाटे उठतात आणि इतरांनीही उठावं असं त्यांना वाटतं. त्यांनी पंचांना भिंतीशी उभं केलं आणि दाराच्या चौकटीला हात लागतो का ते पाहिलं. लागला. “शाबास! माझा गुडघा असाच पहिल्या दिवशी खणखणीत झाला होता.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, दुसऱ्या दिवशी परत गेला,” कर्नल आनंदाने म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

संध्याकाळी पंचांचे जोडीदार आले, दुसऱ्या टोकाला उभे राहतात ते. शरीरयष्टी बेताची आणि जिथे तिथे पायात येण्याची सवय, म्हणून मैदानावर सगळे त्यांना लेगबाय म्हणतात. ते इस्त्रीवाल्याकडून पंचांचा कोटही घेऊन आले होते.

“नुसत्या शर्टात काय बघायचं? कोटात खांदा वेगळा दिसतो,” लेगबाय म्हणाले. “घाला. हं, सिक्सर.”

पंचांनी कोट घालून सिक्सर दिली.

“आता नो-बॉल. आता वाइड. आता परत सिक्सर, पण जरा रुबाबात. फायनल आहे, हात असे कपडे वाळत घातल्यासारखे नको.”

मी उत्तरपत्रिका तपासत होते. लाल पेन खाली ठेवून म्हणाले, “अहो, बाई काय म्हणाल्या होत्या?”

“पाणी प्यायला म्हणाल्या होत्या. पितोय ना,” पंच म्हणाले आणि त्यांनी उजव्या हाताने, मानेच्या वर उंच धरून, अख्खा तांब्या रिकामा केला. लेगबाय यांनी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी सकाळी पंच आरशासमोर उभे होते. उजव्या हातात ब्रश होता आणि तोंड खाली वाकून ब्रशपाशी आलं होतं, कारण ब्रश तोंडापाशी येत नव्हता. हात छातीपर्यंतही पोचत नव्हता. लिफ्ट आता तळमजल्यावर आली होती.

ते पलंगाच्या कडेवर येऊन बसले. कोट समोर हँगरला लटकत होता, कडक, शुभ्र, कुणाचाही होऊ शकेल असा.

“सेक्रेटरींना फोन लाव,” ते म्हणाले. “मेहुण्याला तयार राहायला सांगू दे.”

मी फोन लावला, पण थेरपिस्ट बाईंना.

“काय उचललं?” बाईंनी विचारलं.

“एक तांब्या फक्त.”

“कितीजणांना दाखवला?”

मी पंचांकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता, पंच खिडकीबाहेर पाहू लागले.

“सगळे हेच करतात,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता. “कंबर मोकळी झालेला माणूस घरी जाऊन पायाचे अंगठे धरून दाखवतो. मान सुटली की दिवसभर मागे वळून बघतो. मुंग्या, बधिरपणा काही आहे? नाही ना? मग बिघडलेलं काही नाही, रागावलाय खांदा. आज खरोखर काही करू नका. काल सांगितलं तेच, पण आज ऐका. आणि उद्या गरज पडेपर्यंत हात वर नेऊन बघायचा नाही. कुणाला दाखवायचा नाही, स्वतःलासुद्धा नाही. आरशाला तर मुळीच नाही.”

“उद्या जाईल का वर?” पंचांनी लांबूनच विचारलं.

“विश्रांती दिलीत तर जाईल. बघत बसलात तर नाही.”

फोन ठेवल्यावर मी पंचांच्या शेजारी बसले. “अहो, मैदानावर अकरा माणसं तुमच्या अंगावर धावून येतात, घसा फोडून ओरडतात. तुम्ही काय करता?”

“बाद नसेल तर मान हलवतो.”

“कारण सांगता?”

“कारण कशाला सांगायचं?”

“मग काल दिवसभर घरात अपील चाललं होतं. तुम्ही प्रत्येक अपिलाला हात वर केलात.”

पंचांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. विमा कंपनीत एखादा दावा खरा निघाला की त्यांचा चेहरा असा होतो.

एवढ्यात सासूबाई दारात आल्या. “काय रे, आखडला म्हणे परत? दाखव बघू कुठवर जातो.”

पंचांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं आणि मान हलवली. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. अगदी मैदानावरच्यासारखी.

“म्हणजे?”

“नाही.”

“अरे, मी आई आहे तुझी.”

“असू दे.”

सासूबाईंनी आधी मुलाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. सहसा अशा प्रसंगी निकाल माझ्याविरुद्ध लागतो. पण त्या दिवशी त्या वळून गेल्या आणि बाहेरच्या खोलीतून त्यांचा आवाज आला, “याचे वडील असे एकदा तरी बोलले असते तर!” हे कौतुक होतं की तक्रार, ते अजून ठरलेलं नाही.

त्यानंतर मी दाराचा ताबा घेतला. कर्नलांना सांगितलं, हात पाहायचा असेल तर उद्या मैदानावर या. लेगबाय यांना सांगितलं, तुम्ही तर येणारच आहात. नणंदेचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका कॅमेऱ्यासमोर धरली आणि तिला मुलांची उत्तरं वाचून दाखवली. तिनेच फोन ठेवला.

त्या दिवशी पंचांनी मनापासून ‘काही न करणं’ केलं. हे दिसतं तितकं सोपं काम नाही, त्यांना घाम आला. खांदा पिशवीने शेकला. पाणी घोटघोट प्यायले, डाव्या हाताने. टेबलाला टेकून वाकले आणि उजवा हात सोडून दिला. तो आधी आढ्यतेने ताठ राहिला, मग हळूच पुढेमागे झुलायला लागला. हाताखाली उशी घेऊन दुपारभर झोपले. उठून टीव्हीवर हवामानाच्या बातम्या बघत बसले आणि “किनारपट्टीवर आकाश निरभ्र राहील” हे ऐकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“काय झालं हो?”

“काही नाही,” ते नाक ओढत म्हणाले. “निरभ्र राहील म्हणतोय.”

मी टॉवेल दिला. बाईंनी सांगितलेलंच होतं. आणखी विचारलं असतं तर त्यांना कारण द्यावं लागलं असतं, आणि त्या दिवशी आमच्या घरात कारणं बंद होती.

रविवारी सकाळी त्यांनी ब्रश केला. उजव्या हाताने, ताठ उभं राहून. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. कोट घालताना बाही मी धरली. माझ्या ओठांवर प्रश्न इतका आला होता की मी तो चहाबरोबर गिळला. घरातल्या सगळ्या माणसांत हात बघायचा मोह आवरण्याची सगळ्यात मोठी शिक्षा मलाच झाली होती. त्यांना स्वतःलाही तो वर जातो की नाही हे माहीत नव्हतं. तरी ते शीळ घालत जिना उतरले.

मैदानावर निम्मी इमारत हजर होती. मी शनिवारी दारातून परत पाठवलेला प्रत्येक माणूस घडीची खुर्ची घेऊन आला होता. सासूबाई पुढच्या रांगेत, चष्मा आधीच लावून. सीमारेषेपाशी सेक्रेटरींचा मेहुणा टोपी घालून, हात मागे बांधून उभा होता.

टॉसला दोन्ही कप्तान आले. सेक्रेटरी पुढे झाले. “हं, पंच. दाखवा बघू दोन्ही हात वर.”

पंचांनी टोपी सारखी केली.

“चेंडू पडायच्या आधी पंच खूण करत नाही,” ते म्हणाले.

“अहो, पण ठरलं होतं आपलं!”

“तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं होतं. सिक्सर बसली की दाखवीन. आधी दाखवली तर ती कुणाच्या खात्यात धरायची, हे या दोघांना विचारा.”

एक कप्तान म्हणाला, “आमच्या खात्यात धरा, आमची हरकत नाही.” दुसरा म्हणाला, “मग आमच्या दोन धरा.” लोक हसले. पहिला सेक्रेटरींकडे वळला. “साहेब, उभं राहू द्या त्यांना. हात जातो का ते आम्ही सिक्सर मारून बघतो. नाहीच गेला तर मेहुण्यांना पाठवा. ते काय, इथेच आहेत.”

सेक्रेटरींनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने टोपी काढून घाम पुसला आणि परत घातली. नाणं उडालं.

आणि मग सिक्सरच बसेना. खेळपट्टी संथ, फायनलचं दडपण, दोन्हीकडचे फलंदाज देवघरात वावरावं तसे जपून खेळत होते. चौकार गेले, पंचांनी हात छातीसमोर हलवला. एकजण बाद झाला, डावं बोट वर गेलं. त्यानंतर नऊ-दहा माणसांनी पुन्हा पुन्हा अपील केलं आणि तिसऱ्या वेळी पंचांनी मान हलवली तेव्हा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, “काल मला असंच केलं.” एव्हाना त्यांच्या आवाजात स्पष्ट अभिमान होता. दर षटकानंतर मी थर्मासमधलं कोमट पाणी सीमारेषेपर्यंत नेऊन द्यावं अशी मला इच्छा होत होती, पण नियम आड येत होते.

दुसरा डाव संपत आला. मेहुणा आता बूट घट्ट बांधत होता. उपांत्य सामन्यातला तोच तगडा पोरगा खेळायला आला. गोलंदाजाने चेंडू थोडा आखूड टाकला. पोराने पाय मागे घेतला आणि बॅट फिरवली. आवाज ऐकूनच कळलं. चेंडू उंच गेला, आम्ही सगळे माना मागे टाकून बघत राहिलो आणि तो कुंपणापलीकडे पडला. या खेपेला तिथे मोटार नव्हती, मालकाने लांब लावली होती. म्हणजे साक्षीदारही नव्हता.

मग सगळ्या माना एकदम पंचांकडे वळल्या.

त्यांनी घाई केली नाही. आधी स्कोअररकडे पाहिलं. मग दोन्ही हात सुटले, बाजूने वर यायला लागले. उजवा छातीपाशी आला. तो तिथे थांबला नाही. खांद्याच्या वर गेला, कानाच्या वर गेला आणि टोपीच्या वर जाऊन डाव्याच्या बरोबरीने उभा राहिला. कपडे वाळत घातल्यासारखा मुळीच नव्हता. लेगबाय दुसऱ्या टोकाला नियम विसरून हसत होते. स्कोअररने हात करून सहा धावा मांडल्याची खूण दिली. मेहुण्याने बुटाची नाडी परत सोडली.

“परत दाखव!” सासूबाई ओरडल्या. “माझ्यासमोर हा साइट-स्क्रीनवाला उभा होता!”

अख्ख्या मैदानाने ऐकलं. पंचांनीही ऐकलं. त्यांनी दोन्ही हात सावकाश खाली घेतले, आईच्या दिशेने वळले आणि मान हलवली.

गोलंदाज पुन्हा धावत आला. पोराने पुन्हा पाय मागे घेतला, पुन्हा तोच आवाज, चेंडू पुन्हा कुंपणापलीकडे. पंचांनी क्षणभर आकाशाकडे पाहिलं. ते निरभ्र होतं. मग नाइलाजाने, संपूर्ण नियमांनुसार, त्यांनी दोन्ही हात पुन्हा डोक्यावर नेले.

सासूबाईंनी या वेळी नीट पाहिलं. मी थर्मासचं झाकण उघडलं.